आज जमिनीवरच बसायचं

२७ ऑगस्ट १९६७, रविवार. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात वेकमन नावाचं छोटं गाव आहे. त्याच्याजवळच्या ऑर्टनर विमानतळावर उतरायचं ठरवून १८ स्कायडायव्हर्स एका विमानात बसले. विमान होतं बी-२५, दुसऱ्या महायुद्धातलं बॉम्बर, जे आता एका नागरी मालकाकडे होतं. उडी होती २०,००० फुटांवरून. नेहमीच्या उड्यांपेक्षा ही उंची बरीच जास्त होती आणि हौशी माणसांना अशी संधी रोज मिळत नसे.

वर पोचल्यावर खाली पाहिलं तर सगळीकडे ढग. जमीन दिसतच नव्हती. वैमानिकाने रेडिओवरून एअर ट्रॅफिक कंट्रोलरला आपली जागा विचारली. कंट्रोलरने रडारवर पाहिलं आणि विमान ऑर्टनरजवळ असल्याचं सांगितलं. १८ जणांनी उड्या मारल्या.

२०,००० फुटांवरून पडताना माणूस ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो. पॅराशूट उघडेपर्यंत साधारण दीड मिनिट जातं.  ढगांच्या खाली आले तेव्हा त्यांना धावपट्टी दिसली नाही, शेतं दिसली नाहीत, रस्ते दिसले नाहीत. खाली ईरी सरोवर होतं. किनारा कित्येक किलोमीटर लांब होता. १८ पैकी १६ जण बुडाले. दोघं वाचले.

मग रडारवर दिसलं ते काय होतं? या उडीचे फोटो काढण्यासाठी एक छोटं सेसना १८० विमानही हवेत होतं. कंट्रोलर ज्या ठिपक्याला बी-२५ समजत होता, तो ठिपका सेसनाचा होता. सेसना खरंच ऑर्टनरजवळ होतं. म्हणजे कंट्रोलरने दिलेलं उत्तर अचूक होतं, फक्त दुसऱ्याच विमानासाठी.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. आमच्याकडे सिस्टिम कोसळली की नंतर सगळे बसून ‘पोस्टमॉर्टेम’ लिहितात. काय झालं, कधी झालं, का झालं. चांगल्या पोस्टमॉर्टेममध्ये ‘अमुक माणूस मूर्ख होता’ असं लिहून थांबायची मुभा नसते. ईरी सरोवराच्या घटनेबद्दल मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात याच पद्धतीने रकाने पडायला लागले. कंट्रोलरने एका ठिपक्यावर विश्वास ठेवला. वैमानिकाने कंट्रोलरवर विश्वास ठेवला. उडी मारणाऱ्यांनी वैमानिकावर विश्वास ठेवला. साखळीतल्या प्रत्येकाकडे दुसऱ्याचा शब्द होता. खाली काय आहे हे कोणीही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

आणि नेमकं हेच टाळणारा नियम तेव्हा अस्तित्वात होता. अमेरिकन हवाई नियमांनुसार ढगात किंवा ढगातून पॅराशूट उडी मारायला मनाई आहे, आणि ती १९६७ सालीही होती. वरवर पाहिलं तर हा नियम विमानांशी टक्कर होऊ नये म्हणून आहे. पण त्यातून आपोआप अजून एक गोष्ट साधते. ढग नसेल तर तुम्हाला खाली दिसतं. त्या काळी उडीची जागा ठरवण्याची पद्धतही तीच होती. अनुभवी जंपर विमानाच्या दारातून डोकं बाहेर काढून सरळ खाली बघायचा. रेडिओ बंद पडला, रडार चुकलं, वैमानिक गोंधळला तरी ही तपासणी चालूच राहते, कारण ती कोणावरही अवलंबून नसते.

अमेरिकेचं राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ, म्हणजे एनटीएसबी, त्याच वर्षी एप्रिलमध्ये कामाला लागलं होतं. त्यांच्या चौकशीत जमीन दिसत नसताना उड्या मारू दिल्याबद्दल वैमानिकाला दोष दिला गेला. काही प्रमाणात स्कायडायव्हर्सनाही दिला गेला, आणि विमान ओळखण्यात चूक केल्याबद्दल कंट्रोलरला. पुढे प्रकरण न्यायालयात गेलं. कंट्रोलर सरकारी नोकर होता, त्यामुळे त्याच्या चुकीची जबाबदारी अमेरिकन सरकारवर आली.

कायद्याच्या दृष्टीने प्रकरण मिटलं. मला मात्र त्या विमानाच्या आतला क्षण सुटत नाही. दार उघडं आहे. खाली कापूस पसरलाय. अठरापैकी एखाद्याने तरी मनात म्हटलं असेल की हे बरोबर नाही. पण ते मोठ्याने म्हणण्याचा अधिकार, आणि म्हटल्यावर बाकीच्यांना थांबवण्याचा अधिकार, नक्की कोणाकडे होता?

परवाना कोणाचा, दंडुका कोणाचा

इथे एक गंमत आहे, जी मला बराच काळ माहीत नव्हती. अमेरिकेत स्कायडायव्हिंग करायला सरकारी परवाना लागत नाही. फेडरल एव्हिएशन अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएए, विमानाची तपासणी करते, वैमानिकाला परवाना देते, हवाई हद्द सांभाळते. राखीव पॅराशूट कोणी घडी घालायचं आणि किती दिवसांनी पुन्हा घालायचं हेही ठरवते. सध्या ती मुदत १८० दिवसांची आहे. पण उडी मारणाऱ्या माणसाचा परवाना एफएएकडे नसतोच, तर ती रद्द काय करणार? नियम मोडला तर तिच्या हाती सहज लागतो तो वैमानिक.

जंपर्सचे परवाने देते युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन, म्हणजे यूएसपीए. ही सदस्यांची संस्था आहे. ए, बी, सी, डी असे चार परवाने आहेत. सगळ्यात खालच्या ‘ए’साठी निदान २५ उड्या लागतात. संस्थेचे स्वतःचे मूलभूत सुरक्षा नियम आहेत आणि ती सदस्यत्व किंवा शिक्षकाचं रेटिंग निलंबित करू शकते. रोजच्या रोज मात्र खरी सत्ता असते ड्रॉप झोनच्या मालकाकडे आणि तिथल्या सुरक्षा सल्लागाराकडे. ‘तू आज ग्राउंडेड’ हे वाक्य तेच उच्चारतात. आजपुरतं, आठवडाभर, महिनाभर. याला अपील नाही, वकील नाही. विमानाच्या यादीतून तुमचं नाव खोडलं जातं एवढंच. तुम्ही गवतावर बसून बाकीच्यांच्या रंगीत छत्र्या उतरताना बघता.

यासाठीचं नेहमीचं कारण म्हणजे पॅराशूट फार खाली उघडणं. सुरुवातीच्या दशकांत कोण किती उशिरा उघडतो याची चढाओढ चालायची. जमिनीच्या जितकं जवळ, तितकी मर्दुमकी. आजचे नियम यावर आकडे बांधून देतात. ‘ए’ परवान्याच्या जंपरने ३,००० फुटांच्या वर पॅराशूट उघडलं पाहिजे. सगळ्यात अनुभवी लोकांसाठी ही मर्यादा पूर्वी २,००० फूट होती, ती २०१३ मध्ये २,५०० केली गेली.

५०० फुटांचा फरक म्हणजे किती? त्या वेगाला तीन सेकंद. हे वाक्य वाचायला तुम्हाला तेवढाच वेळ लागला.

दोन ओळींचा कोड

नियम मोडणाऱ्याला माणूस थांबवतो. पण भानच हरपलेल्याला, बेशुद्ध पडलेल्याला किंवा उंची विसरलेल्याला कोण थांबवणार? यासाठी राखीव पॅराशूट आपोआप उघडणारी यांत्रिक उपकरणं आधीपासून होती. पण ती कधी चुकीच्या उंचीवर चालायची. जुने जंपर म्हणायचे, हे गळ्यात बांधण्यापेक्षा न बांधलेलं बरं.

१९९१ साली जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांनी सायप्रेस नावाचं इलेक्ट्रॉनिक उपकरण बाजारात आणलं. त्यातलं तर्कशास्त्र आमच्या क्षेत्रातल्या कोणालाही दोन ओळींत लिहिता येईल. हवेच्या दाबावरून उंची आणि वेग मोजत राहा. उंची सुमारे २२५ मीटर आणि खाली येण्याचा वेग सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त असेल, तर राखीव पॅराशूट बांधून ठेवणारी दोरी काप. त्या उंचीवर या वेगाने पडणारा माणूस मरणारच आहे, हे गृहीतक. या दोन ओळींनी जगभरात हजारो माणसं वाचली आहेत.

मग ते गृहीतकही तुटलं. नंतरच्या वर्षांत छोट्या, वेगवान पॅराशूटची क्रेझ आली. जमिनीजवळ जोरदार वळण घेऊन गवतावरून सरपटत जायचं. अशा वळणात काही पट्टीचे खेळाडू उघड्या पॅराशूटखालीही सेकंदाला ३५ मीटरचा वेग गाठू लागले. उपकरणाच्या लेखी ते पडत होते. त्यांच्यासाठी ४६ मीटर मर्यादा असलेली वेगळी आवृत्ती काढावी लागली. ज्याने कधी प्रॉडक्शनमध्ये एखादा ‘थ्रेशोल्ड’ वाढवलाय त्याला हे वाचून कसनुसं हसू येईल.

बिल बूथ हे या खेळातलं मोठं नाव. मुख्य पॅराशूट बिघडलं तर ते झटकन सोडून देता येणारी तीन कड्यांची यंत्रणा त्यांनी शोधली. त्यांच्या नावावर एक नियमही सांगितला जातो. साधनं जितकी सुरक्षित होतात तितके जंपर जास्त धोके पत्करतात आणि मृत्यूंचं प्रमाण तिथल्या तिथे राहतं. सायप्रेस आल्यावर ‘उघडलंच नाही’ प्रकारचे मृत्यू घटले आणि ठणठणीत उघडलेल्या पॅराशूटखाली जमिनीवर आदळून होणारे वाढले, तेव्हा बूथ यांचं म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटलं.

पण पूर्ण खरं ठरलं नाही, ही चांगली बातमी. यूएसपीएच्या नोंदींप्रमाणे १९७०च्या दशकात अमेरिकेत वर्षाला सरासरी ४२.५ स्कायडायव्हर्स मरत. २०२३ मध्ये सुमारे साडेछत्तीस लाख उड्यांमागे १० जण मेले. प्रमाण तिथल्या तिथे राहिलं नाही. साधनं सुधारली, शिकवणं सुधारलं, आणि मला वाटतं, ‘आज तू बस’ म्हणणारी माणसंही वाढली.

बंदी घातली की प्रश्न सुटतो?

नाही. याचं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात आहे. एल कॅपिटन हा तिथला सुमारे ९०० मीटर उंचीचा सरळसोट कडा. आपल्याकडच्या कोकणकड्याच्या प्रेमात असलेल्यांनी फोटो शोधून बघावा. १९७८ मध्ये कार्ल बेनिश यांनी या कड्यावरून पॅराशूट घेऊन मारलेल्या उड्यांचं चित्रण केलं आणि जगभरचे जंपर तिकडे वळले. १९८० च्या उन्हाळ्यात उद्यान प्रशासनाने यूएसपीएला बरोबर घेऊन परवाने देऊन पाहिले. काही जंपर्सनी अटी मोडल्या. काही आठवड्यांत प्रयोग गुंडाळला गेला आणि सगळ्यांनाच जमिनीवर बसवलं गेलं. मोडणारेही बसले, पाळणारेही.

यासाठी वापरलेला नियम होता ‘हवेतून माल उतरवण्या’विरुद्धचा. माणूस हाच माल ठरला. नियम मोडला तर अटक, दंड आणि पॅराशूट जप्त. परिणाम काय झाला? उड्या थांबल्या नाहीत. लोक पहाटे, संध्याकाळी, अपुऱ्या उजेडात उडी मारून पळू लागले. जून १९९९ मध्ये फ्रँक गॅम्बली हा जंपर कड्यावरून सुखरूप उतरला. मागे लागलेल्या रेंजर्सना चुकवायला त्याने मर्सेड नदीत उडी घेतली आणि तो बुडाला.

त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला काही जंपर्सनी निषेध म्हणून उघडपणे उड्या मारायचं जाहीर केलं. रेंजर्सना आधी कळवलं होतं. उतरल्यावर अटक होणार, हे ठरलेलं होतं. त्यांत जॅन डेव्हिस होत्या. वय ६०, व्यवसायाने स्टंटवुमन, अनुभव दांडगा. कैद्याचा काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा पोशाख घालून त्या आल्या होत्या. पॅराशूट जप्त होणार म्हणून स्वतःचं चांगलं साधन न आणता त्यांनी दुसऱ्याचं घेतलं. त्यांच्या नेहमीच्या साधनात मुख्य पॅराशूट ओढून काढणारी छोटी छत्री पाठीकडे असायची. या उसन्या साधनात ती मांडीवर होती. साधारण वीस सेकंद त्या पडत राहिल्या. पॅराशूट उघडलं नाही. पत्रकार आणि रेंजर खालून बघत होते. ही उडी धोकादायक नाही हे दाखवायला त्या आल्या होत्या.

याचा दोष कोणाला द्यायचा यावर आजही वाद घालता येईल. मला त्यातून एक गोष्ट दिसते. एकाला कारण सांगून आजपुरतं बसवणं आणि सगळ्यांना कायमचं बसवणं यांत मोठा फरक आहे. पहिल्यात बसणारा बसवणाऱ्याला ओळखतो, उद्या परत त्याच रांगेत उभा राहतो. दुसऱ्यात तो अंधारात उसनं साधन घेऊन उडी मारतो.

उसनी सही

६ ऑगस्ट २०१६. कॅलिफोर्नियातच लोडाय गावाजवळच्या एका ड्रॉप झोनवर १८ वर्षांचा एक मुलगा आयुष्यातली पहिली उडी मारायला आला. टॅंडेम उडी, म्हणजे शिक्षकाच्या छातीला बांधून. आपल्यापैकी बहुतेकांनी ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ पाहून जी उडी मनात धरून ठेवलीय, तसलीच. शिक्षक होता २५ वर्षांचा. पॅराशूट नीट उघडलं नाही. दोघंही गेले.

चौकशीत कळलं की शिक्षकाचं प्रशिक्षणच नियमाप्रमाणे झालेलं नव्हतं. त्याला शिकवणाऱ्या परीक्षकाची शिकवण्याची परवानगी २०१५ मध्येच निलंबित झाली होती. म्हणजे त्याला रीतसर ग्राउंड केलं होतं. तरी तो शिकवत राहिला. कागदावर मात्र दुसऱ्या, वैध परीक्षकाची डिजिटल सही लावली जात होती. सही ज्याची होती तो माणूस तेव्हा तिथे नव्हताच. यूएसपीएने मागे जाऊन तपासलं तेव्हा सुमारे १४० शिक्षकांच्या प्रशिक्षणावर प्रश्नचिन्ह लागलं. काहींचं रेटिंग निलंबित झालं, बाकीच्यांना पुन्हा शिकावं लागलं. त्या निलंबित परीक्षकाला २०२४ मध्ये न्यायालयाने फसवणूक आणि दुसऱ्याच्या ओळखीचा गैरवापर यासाठी दोषी ठरवलं. शिक्षा, दोन वर्षांचा तुरुंगवास.

हे वाचताना मला माझी एक जुनी नोकरी आठवली. तिथे कोणताही बदल ग्राहकापर्यंत जाण्याआधी एका ज्येष्ठ इंजिनीअरने तपासून मंजूर करायचा असा नियम होता. तो दुसऱ्या देशातल्या ऑफिसात गेला. काम अडायला लागलं, मग त्याचा पासवर्ड टीमच्या चॅटमध्ये पिन झाला. नोंदीत प्रत्येक बदल ‘तपासून मंजूर’. ज्याच्या नावाने मंजूर, तो सात समुद्रापार झोपलेला. मी विचारलं तेव्हा मॅनेजरने शांतपणे सांगितलं, “अरे, प्रोसेस तर फॉलो होतेय ना.” मी ती कंपनी सोडली तेव्हाही तो पासवर्ड चालू होता. आमच्या चुकीने फार तर कोणाचं बिल दोनदा कापलं गेलं असतं. पण घडण तीच होती. ‘आज नाही’ म्हणण्याचा अधिकार ज्याला दिला, त्याची सही ठेवून घ्यायची आणि त्याला मात्र काढून टाकायचं.

ईरीवर सगळ्यांनी एका ठिपक्यावर विश्वास ठेवला. लोडायला सगळ्यांनी एका सहीवर. ठिपका खरा होता, सहीही खरी होती. त्यामागचं विमान दुसरं होतं आणि सहीमागे माणूसच नव्हता.

वारा पडेपर्यंत

मराठी माणसाला स्कायडायव्हिंग म्हटलं की पुण्याच्या शीतल महाजन आठवतात. आधी उत्तर ध्रुवावर, मग दक्षिण ध्रुवावर उडी. २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये थायलंडमध्ये चक्क नऊवारी नेसून उडी. त्या उडीचे फोटो तुमच्या व्हॉट्सॲपवर नक्की आले असतील आणि तुम्ही ‘धाडस’ असं म्हणून पुढे पाठवले असतील. मीही पाठवले होते. आता ते पाहताना माझं लक्ष वेगळीकडे जातं. सव्वाआठ मीटर कापडाचं एक टोक जरी सुटून हँडलवर गेलं असतं तर? म्हणजे कोणीतरी ते कापड बघितलं असणार, ओढून पाहिलं असणार आणि मग ‘जा’ म्हटलं असणार. तो माणूस फोटोत नाही.

ड्रॉप झोनवर वारा वाढला की विमान थांबतं. सगळे, अगदी हजारो उड्या मारलेलेही, गवतावर बसतात. कोणी पॅराशूटची घडी घालतं, कोणी डुलकी काढतं. यात कोणाचा अपमान होत नाही. वारा कोणाचा अनुभव बघत नाही, हे सगळ्यांना मान्य असतं. अवघड होतं ते आकाश निळं असताना, विमान तयार असताना, पैसे भरलेले असताना एकाने दुसऱ्याकडे बघून ‘तू नाही’ म्हणणं. आणि त्याहून अवघड, ते ऐकून खरंच उतरणं.

बी-२५च्या दारात त्या रविवारी असं कोणी नव्हतं, किंवा होतं आणि बोललं नाही. तुमच्या दारात कोण आहे, हे आज संध्याकाळी चहाच्या वेळी एकदा बघून ठेवा. नाव आठवलं तर त्याला अधूनमधून विचारत जा. आणि फक्त सहीच आठवत असेल, तर उडी उद्यावर टाका.